लिंब छाटून घे

१६ फेब्रुवारी, रविवार

आई आज सकाळच्या एसटीने घोटीकडे गेल्या. त्यांच्या वहिनीचं मांडीचं हाड मोडलंय, तिचं करायला घरात बाईमाणूस नाही. "पाडव्याच्या आत येते बाई," म्हणाल्या, आणि जाता जाता घराच्या किल्ल्या, देवपूजा आणि बाग माझ्या गळ्यात टाकून गेल्या. किल्ल्या मी सांभाळेन. देव समजून घेतील. बागेचं काय करू? मी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली बाई. आमच्या खिडकीत एक तुळस असायची, तीसुद्धा दर दिवाळीला नवी आणावी लागायची.

भारत म्हणाला, "काय कधी केलंस ते लिहून ठेव. म्हणजे आईने फोनवर विचारलं तर त त प प व्हायचं नाही." लग्नाला अजून तीन महिने झाले नाहीत आणि नवरा मला बरोबर ओळखायला लागला. तर ही वही.

बाग म्हणजे रो-हाऊसच्या पुढे-मागे थोडी थोडी माती. पुढे फाटकाशी भलामोठा कडुनिंब, त्याच्या आजूबाजूला मोगरा, जास्वंद, गुलाब. मागे मोरीशेजारी लिंबाचं झाड. ते तृप्तीने लावलेलं. तृप्ती म्हणजे भारतची पहिली बायको. जाऊन तीन वर्षं झाली. वैष्णवी चार वर्षांची असताना तिने सरबतातली बी थुंकली आणि मायलेकींनी ती श्रीखंडाच्या डब्यात पेरली, त्याचं हे झाड. वैष्णवी आता अकराची आहे आणि झाड माझ्याहून उंच. यंदा पहिल्यांदाच कळ्या धरल्यात. रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती मागे जाऊन कळ्या बघते. लिंबं लागली की दोघींनी मिळून लोणचं घालायचं, असं तृप्तीने तिला कबूल केलं होतं म्हणे. हे मला भारतने सांगितलं. वैष्णवी मला काही सांगत नाही. विचारलेल्याचं नीट उत्तर देते, ताट उचलून ठेवते, "थँक्यू" म्हणते. हॉटेलात राहिल्यासारखी.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोगरा छाटला. आईंनी फोनवर सांगितलं होतं, हातभर ठेव आणि बुडात शेणखत घाल. तसं केलं. इथवर मी शहाणी.

मग गुलाबांकडे बघून वाटलं, ह्यांनी काय पाप केलंय. कोनाड्यात युरियाची पिशवी सापडली. मूठ मूठ घातला प्रत्येकाला. मीठ घालतात तसा चिमूटभर घालायचा असतो, हे मला कोण सांगणार?

२६ फेब्रुवारी

गुलाबांची पानं कडेकडेने जळली. दोन झाडं गेल्यातच जमा. पलीकडच्या आशाताई भिंतीवरून डोकावल्या. शाळेतून रिटायर झाल्यात, पण तास घ्यायची सवय गेलेली नाही. "अगं बाई! तृप्तीच्या हातचे गुलाब ते!" म्हणाल्या. मग जीभ चावली आणि म्हणाल्या, "असू दे असू दे, शिकशील."

म्हणजे गुलाबही तृप्तीचेच. मला वाटलं होतं आईंचे.

१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहितानाही कान गरम होतायत.

दुपारी हेडफोन लावून कंपनीची मीटिंग ऐकत ऐकत झाडांना पाणी घालत होते. एकीकडे साहेब बोलतोय, दुसरीकडे पाईप, मध्ये मी. साहेबाने माझं नाव घेतलं तसा पाईप भिंतीवर ठेवला आणि बोलायला लागले. पाईपने काय करावं? घेतली गिरकी आणि तोंड पलीकडे. पलीकडे आशाताईंच्या कुरडया. पहाटेपासून चीक घोटून घातलेल्या, साड्यांवर ओळीने वाळत पडलेल्या. माझं बोलणं होईपर्यंत त्यांची खळ झाली होती.

आशाताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पदराने हात पुसत. मी इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे गं. तुला सवय नाही." मग घरात जाता जाता मिस्टरांना म्हणाल्या, आणि भिंत काही इतकी जाड नाही, "ती कशी अंगणात वावरायची, पायाखाली मुंगी मरायची नाही."

मी घरात येऊन भांडी आपटली. वैष्णवीने आपली दोन भांडी विसळली आणि गुपचूप खोलीत गेली.

९ मार्च, रविवार

जास्वंदीला पांढरी कीड. साबणाचं पाणी मारतात असं मोबाईलवर बघितलं. मी भांड्यांचा साबण घेतला, तोही सढळ हाताने. कीड गेली. पानंही गेली.

संध्याकाळी शहाणपणाने मागे जाऊन लिंबाला पाणी घालायला झारी घेतली, तर वैष्णवी धावत आली. झारी माझ्या हातून अगदी हळू घेतली. "याला मीच घालते," म्हणाली. "तुम्ही नका घालू, प्लीज."

प्लीज! मी काय झाडं खाते?

खाते बहुतेक. गुलाब खाल्ले, जास्वंद खाल्ली. पण तिने प्लीज म्हणायला नको होतं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मग दोघी जेवायला बसलो असतो.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. आज वैष्णवीच्या मैत्रिणी आल्या होत्या, चौघी-पाचजणी, नखशिखांत लाल-हिरव्या. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, तोंडं धुवायला मागे मोरीवर बादल्या भरून ठेवल्या, साबण, टॉवेल, सगळं. मला वाटलं, आज काहीतरी होईल. एकत्र हसणं वगैरे.

पोरी धुवायला लागल्या तशा मी पाईप सुरू केला. रंगाचं पाणी झाडाच्या आळ्याकडे वळलं. वैष्णवी किंचाळली, "बंद करा! मम्मीच्या झाडाला जातंय!" आणि मातीत गुडघे टेकून हातांनी बांध घालायला लागली. कळ्या आता उमलल्यात, सगळ्या मोरीवर त्यांचा वास आहे, आणि त्याखाली ही पोर चिखलात.

एका मैत्रिणीने विचारलं, अगदी साधं, "ह्या कोण गं?"

वैष्णवी म्हणाली, "पप्पांच्या मिसेस."

खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. मी पोळ्यांवर तूप वाढलं. पोरी म्हणाल्या, छान झाल्यात. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. चौतीस वर्षांची बाई आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या दोन शब्दांवर रडते, लाज वाटायला हवी.

२१ मार्च, शुक्रवार

आईंचा फोन. त्यांच्या भावाच्या घरात रेंज नाही, ओट्यावर येऊन ओरडून बोलतात. वहिनी आता काठी धरून उठते. पुढच्या शुक्रवारी येतील. मग बागेवर आल्या. म्हणाल्या, "त्यो लिंब लय माजलाय बघ. भिंतीच्या वर गेलाय. येऊन मला जमायचं नाय. तेवढा लिंब छाटून घे. चांगला बोडका कर, फुटंल पुन्हा. पाडव्यापुरता डहाळा ठेव म्हंजे..." आणि फोन तुटला.

परत लावला नाही. रेंज नसतेच तिकडे.

डहाळा कशाला ठेवायचा ते काही कळलं नाही. असो. भारतने दिवाळीत आणलेली करवत कोनाड्यात आहे, अजून कव्हरही काढलेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

लिंब छाटला.

भारत पहिल्या पाळीला. वैष्णवीची सकाळची शाळा, मग डान्स क्लास. घरात मी एकटी. करवत नवी, त्यामुळे फांद्या भराभर खाली आल्या. काटे फार. दोन्ही हात ओरबाडले. मध्ये दमले म्हणून जरा टेकले. मग खोडही कमरेएवढं ठेवून वरचं उतरवलं, आईंनी सांगितलं होतं तसं. फांद्या ओढत फाटकापाशी नेल्या, तेवढ्यात घंटागाडी आली. गाडीवाला म्हणाला, "ताई, काय वास सुटलाय!" मी म्हटलं, घेऊन जा.

वैष्णवी एकला आली. आशाताईंकडे थांबले होते म्हणाली. सरळ जेवायला बसली, मागे गेली नाही. मीच म्हटलं, "आजीने झाड छाटायला सांगितलं होतं." ती म्हणाली, "ठीक आहे." वरणभात संपवला. मग मागे गेली आणि जमिनीवर पडलेला एक फुलांचा तुरा उचलून आणला, पेल्यात पाणी घालून खोलीत ठेवला.

भारत तीन वाजता आला. मोरीवर हातपाय धुवायला गेला तो तिथेच थांबला. बराच वेळ पाण्याचा आवाजच नाही. मी दारात गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला सहन होईना. मी घाईघाईने म्हटलं, "आईंनीच फोन करून सांगितलं, लिंब छाटून घे."

"लिंब?" तो म्हणाला. मग डोक्याला हात लावला. "अगं हर्षाली! आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब! ह्याला आम्ही लिंबोणी म्हणतो! पुढचा लिंब छाटायचा होता!" आणि हसायला लागला. रडतो की काय असं वाटत होतं आणि एकदम हसायलाच लागला. मीही कपाळाला हात मारला. "अय्या! आमच्याकडे लिंबाचं सरबत, लिंबाचं लोणचं!" मी म्हटलं, आणि हसले. त्याने येऊन माझे ओरबाडलेले हात बघितले, हळद आणून लावली. "तुझा काय दोष," म्हणाला.

२३ मार्च

आज काही नाही. जळलेली पानं तोडली. आशाताईंना कळलंय. भिंतीवरून म्हणाल्या, "ऐकलं गं बाई तुझं लिंब-लिंबोणी!" आणि पोट धरून हसल्या. कुरडयांनंतर पहिल्यांदाच माझ्याशी मोकळ्या बोलल्या. घरच्या कैरीचा तक्कूही दिला वाटीभर.

२५ मार्च, मंगळवार

काम होत नाही. तीनदा चुकीच्या माणसाला मेल पाठवला.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तेव्हा इथे तरी सोंग कशाला. पाडव्यापुरता डहाळा ठेव, असं आई म्हणाल्या होत्या. गुढीला लिंबोणीचा डहाळा कुणी बांधतं का? कडुनिंबाचा बांधतात. हे डोंबिवलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला फोनवरच कळलं होतं. नाही, कळलं असं नाही. कळत होतं आणि मी कळून घेतलं नाही. आणि "त्यो" म्हणाल्या होत्या, "ते" नाही. भिंतीच्या वर गेलाय म्हणाल्या होत्या. मागची भिंत तर त्या झाडाहून हातभर उंच होती, मी रोज तिथे कपडे वाळत घालते.

एक फोन करायचा होता. भारतला करायचा, नाहीतर आशाताईंना हाक मारायची. मी केला नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

म्हणजे मी काय केलं? अकरा वर्षांच्या पोरीच्या आईचं झाड कापलं. मेलेल्या बाईवर जळले. आणि शब्दाच्या मागे लपले. सगळं घर म्हणतंय बिचारी हर्षाली, तिला काय ठाऊक. लाज, लाज वाटते मला. पेल्यातला तुरा अजून वैष्णवीच्या टेबलावर आहे. फुलं झडली, नुसत्या काड्या. ती टाकत नाही आणि मला त्या खोलीत केर काढायला जाववत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आई आल्या. पिशव्या खाली ठेवायच्या आधी मागे गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी. खोडावरून हात फिरवला त्यांनी, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोन लावला आन् नीट बोलले नाय. चूक माझीच. रेंज गेली तवा परत लावाया पायजे व्हता मी."

मी म्हणू शकले असते. तांब्या हातात होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, ह्याहून चांगली वेळ कुठली? मी म्हटलं, "आई, चहा टाकू?"

३० मार्च, रविवार

पाडवा. भारतने पहाटे शिडी लावून कडुनिंबाचा डहाळा काढला, गुढी उभी केली. आशाताई आणि त्यांचे मिस्टर जेवायला होते. श्रीखंड मी केलं, आणि चांगलं झालं होतं.

आईंनी सगळ्यांच्या हातावर कडुनिंबाची पानं आणि गूळ ठेवला. आशाताईंचे मिस्टर म्हणाले, "सूनबाई, बघा, ह्याला म्हणतात लिंब!" सगळे हसले. भारत तर ठसका लागेपर्यंत. आई म्हणाल्या, "हसू नका रे तिला. तिच्या म्हायेरी नाय म्हणत तसं. म्या म्हातारीनं अर्धंमुर्धं सांगितलं, काय बोलायचं ते मला बोला." मीही हसले. हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

वैष्णवीने पान तोंडात घातलं, चावलं, गिळलं. "माझं झालं," म्हणाली आणि उठली. श्रीखंडाला तिने बोट लावलं नव्हतं. सकाळी तिला आवडतं म्हणून मी मुद्दाम केशर घातलं होतं.

भारत म्हणाला, "परीक्षेचं टेन्शन." आई दाराकडे बघत होत्या.

असं हसत हसत आणखी किती वर्षं काढायची? प्रत्येक पाडव्याला हाच विनोद होणार. वैष्णवीच्या लग्नातही कुणीतरी सांगेल. आणि एक म्हातारी बाई दरवेळी माझी चूक आपल्या पदरात घेणार. मला हे जमायचं नाही. सांगितलं तर ही पोर जन्मभर माझं तोंड बघणार नाही, हेही दिसतंय. पण नाही सांगितलं तरी ती कुठे बघते?

२ एप्रिल, बुधवार

वैष्णवीला सांगितलं.

ती पायरीवर बसून भूगोल करत होती. आई आत झोपलेल्या. मी शेजारी बसले. म्हटलं, "वैष्णवी, मला माहीत होतं. आजी कुठल्या झाडाबद्दल बोलतायत ते. मला कळत होतं आणि तरी मी कापलं."

तिने पुस्तक मिटलं नाही. नकाशावर बोट तसंच ठेवून म्हणाली, "मी बघितलं."

"काय बघितलंस?"

"मॅडम आल्या नव्हत्या डान्सच्या. मी लवकर आले. तुम्ही मागे होता. तुम्ही फांद्या तोडल्या, मग करवत खाली ठेवली. मग फुलं जवळ घेऊन वास घेतला." "मला वाटलं, आता नाही कापणार."

"मग कापलंत," ती म्हणाली.

"तू हाक का नाही मारलीस गं मला?"

"मला बघायचं होतं तुम्ही थांबता का."

वर मी लिहिलंय, दमले म्हणून जरा टेकले. दमले नव्हते. तो वास नाकात गेला आणि हात चालेना. त्या वेळी मला थांबता आलं असतं, वरच्या दोन फांद्याच गेल्या होत्या. पण मग मनात आलं, पप्पांच्या मिसेस. आणि करवत उचलली. आणि ही पोर घराशेजारच्या बोळात उभी राहून ते बघत होती, मग आशाताईंकडे जाऊन बसली, मग एकला घरी येऊन माझ्या हातचा वरणभात जेवली.

मी म्हटलं, "सॉरी." किती फालतू शब्द आहे. कुरडयांनाही तोच आणि ह्यालाही तोच. हात जोडले तिच्यापुढे. ती घाबरली, म्हणाली, "असं नका करू." मग म्हणाली, "पप्पांना सांगितलं का?"

"नाही."

"आजी सगळ्यांना तिचं चुकलं म्हणून सांगते."

"हो."

"मग सांगा ना त्यांना," असं म्हणून तिने पान उलटलं.

३ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. सकाळच्या चहाला, दोघं समोर असताना. मुद्दाम वैष्णवी शाळेला गेल्यावर नाही, ती असतानाच. ती बुटाची लेस बांधत होती, लेस बांधायला इतका वेळ तिला कधीच लागत नाही.

सगळं सांगितलं. डहाळ्याचं, भिंतीचं, परत फोन न लावण्याचं. भारत मध्येच म्हणाला, "अगं, उगाच स्वतःला दोष..." मी म्हटलं, "उगाच नाही. मला तृप्तीचा राग आला होता." हे नाव मी त्याच्यासमोर पहिल्यांदा घेतलं. तो उठला. डबा न घेता कंपनीत गेला.

आईंनी बशीत चहा ओतला. मग म्हणाल्या, "डहाळा म्हणले व्हते मी. मला पक्कं याद हाय. मला वाटलं, त्याच्याआधी फोन तुटला आसंल."

"नाही आई. ऐकू आलं होतं."

"हं." त्यांनी चहा प्यायला. डोळ्याला पदर लावला. "लय जपलं त्या पोरीनं ते झाड. आजारी व्हती तरी उठून पाणी घालायची. आता आपण तरी तिचं काय राखलं?" मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. त्यांनी मलाही त्या 'आपण'मध्ये धरलं. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

संध्याकाळी भारत आला. माझ्याशी बोलला नाही. वैष्णवीच्या खोलीत गेला आणि दार लोटायचं विसरला. मला ऐकू आलं. तो म्हणाला, "मी हसलो गं बाळा. तुझ्यासमोर मी हसत बसलो." मग ती रडली. बावीस तारखेपासून ती रडलीच नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं.

मी पोळ्या केल्या. आज घरात कुणी कुणाला चिडवलं नाही, आणि गरम पोळी वाढताना माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. हे मी ओढवून घेतलंय, तर भोगायला हवं.

६ एप्रिल, रविवार

भारत कालपासून दोन-चार शब्द बोलतो. मीठ दे, लाईट बंद कर, इतपत. माझं मन खात होतं म्हणून आज सकाळी उठून मखमलाबाद रोडच्या नर्सरीत गेले. खोड फुटेल का विचारलं. माणूस म्हणाला, फुटलं तर फुटेल, उन्हाळा वाईट आहे. तेव्हा मी लिंबोणीचंच कलम घेतलं. (लिंबोणी म्हटलं. आता ह्या जन्मात विसरायची नाही.) गुडघ्याएवढं आहे, पण त्याला दोन इवली लिंबंसुद्धा आहेत. मला वाटलं, जुन्याच्या जागी हे लावून टाकावं. निदान मोरीवरचा तो बोडका खांब तरी दिसायचा नाही, आणि पोरीला यंदाच लोणच्याला लिंबं मिळतील.

कुदळ घेऊन मागे गेले, आळ्यात पहिला घाव घातला, तर वैष्णवी आतून आली ती तीरासारखी. केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातात.

"काय करतेस?" असं ओरडली की पलीकडे आशाताईंची खिडकी उघडली. "तिथे नाही लावायचं! ते मम्मीचं झाड आहे! ते मेलेलं नाहीये! तू त्याला हात लावायचा नाही, कळलं का तुला? कधीच हात लावायचा नाही!"

मी कुदळ टाकली. म्हटलं, "बरं. बरं बाई. नाही लावत. हे परत करून येते."

"परत कशाला करतेस?" त्यावरही ओरडली. "त्याने काय केलंय? ते पुढे लाव ना! पुढे आहे की जागा! तुला काही म्हणजे काही कळत नाही!" आणि कलमाची पिशवी स्वतःच उचलून तरातरा पुढे गेली. फाटकाच्या आत, पायरीच्या अगदी शेजारी ठेवली. "इथे खड्डा कर," म्हणाली. "आणि युरिया नको घालूस ह्याला."

खड्डा केला. ऊन चढलं होतं, माती दगडासारखी. ती कंबरेवर हात ठेवून उभी, इकडे खोल कर, तिकडे माती ओढ, मुळं मोडशील, हळू. एकदासुद्धा प्लीज नाही. लावून झालं तशी कंगवा माझ्या हातात दिला, पाठ करून पायरीवर बसली आणि म्हणाली, "वेणी घाल. माझा हात पोचत नाही मागे." मी मातीचे हात धुवून आले आणि घातली. मला पेड समान जमत नाहीत, वाकडीच झाली.

आजवर ही मुलगी माझ्याशी 'तुम्ही'शिवाय बोलली नव्हती. आज सगळ्या गल्लीसमोर अरेतुरे. रागाच्या भरात आदरही राहिला नाही. बरोबरच आहे म्हणा, कुठल्या तोंडाने मी आदर मागणार? ऐकून घेतलं, खाली मान घालून. पुढेही ऐकून घ्यायची तयारी ठेवायला हवी.

आणि जागा तरी कसली निवडली पोरीने! लिंबोणीला हे एवढाले काटे येतात. पायरीशेजारी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा कपडा अडकणार, भारतला गाडी लावायला जड जाणार. तसं मी आईंना म्हटलं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, सगळं बघितलं होतं त्यांनी. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिनं सांगितलंय ना तिथं, मंग तिथंच ऱ्हाऊ दे." आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. एवढी पोर सुनेला तडातडा बोलली, आणि ह्यांना कशाचं हसू आलं कोण जाणे.